रात्रभर चालणारे विचार आणि साडेसहाची वही

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातला, वय ३१. बेळगावच्या उद्यमबागमधल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. वडगावात भाड्याच्या घरात बायको आणि लहान मुलगी. आई गावाकडं, थोडी भातशेती आहे. चाकणला गावातला एक मित्र आहे, तो म्हणतो कधीही ये, पगार जास्त मिळेल. गेले कित्येक महिने जायचं की राहायचं यावरच डोकं चालू आहे. त्यात दिवसभर साहेब काय बोलले, मी काय बोललो, हे रात्री अंथरुणावर पडलं की पुन्हा पुन्हा आठवतं. एक-दोन वाजतात. सगळे सांगतात विचार करू नको, पण ते जमत नाही. ही सवय मोडता येते का, की हा आजार आहे?

उत्तर:

मोडता येते. बेळगावात मी बरीच वर्षं समुपदेशनाचं काम करते आणि तुमच्यासारखी तक्रार घेऊन येणारे सतत भेटतात. कधी कारखान्यातला कामगार असतो, कधी शाळेतल्या बाई, कधी मुलीचं लग्न ठरवायला निघालेले वडील. आजार आहे की नाही हे मी शेवटी सांगते, कारण त्यासाठी काही गोष्टी तुम्हालाच स्वतःकडं बघून तपासाव्या लागतील.

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. साहेब काय बोलले, हे झालेल्या गोष्टीचं चघळणं आहे. चाकणला जाऊ की नको, ही न झालेल्या गोष्टीची काळजी आहे. दोन्हींत डोकं सारखंच शिणतं, पण उपाय थोडे वेगळे आहेत.

चघळण्याचा अभ्यास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांनी आयुष्यभर केला. १९८९ साली कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला, त्याच्या थोडेच दिवस आधी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती आणि मन खट्टू झालं की ते काय करतात, हे योगायोगानं नोंदवून झालेलं होतं. भूकंपानंतर सात आठवड्यांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा ज्यांना आधीपासूनच आपलं दुःख उगाळत बसायची सवय होती, त्यांच्यात उदासीची लक्षणं जास्त दिसली. भूकंप सगळ्यांनी सोसला होता. नंतर कोण किती दिवस खचून राहिलं, त्यात या सवयीचा वाटा होता.

मग माणूस ही सवय सोडत का नाही? त्यातून त्याला काहीतरी मिळत असतं, म्हणून. हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. काळजीवर काम करणारे थॉमस बोर्कोव्हेक यांनी दाखवून दिलं की काळजी बहुतेक वेळा शब्दांत चालते, चित्रांत नाही. मनात नुसतं “असं झालं तर, तसं झालं तर” चालू असतं, तेव्हा भीतीचं खरं चित्र डोळ्यांसमोर येत नाही आणि अंगातली धडधड थोडा वेळ दबलेली राहते. म्हणजे काळजी करताना घटकाभर बरं वाटतं. दुसरं असं की ज्या गोष्टींना आपण भितो, त्यातल्या पुष्कळशा घडतच नाहीत. त्या घडल्या नाहीत की मनाला वाटतं, मी इतका विचार केला म्हणूनच निभावलं. आणि तिसरं आपल्या घरांमधलं आहे. आई म्हणते, “तुझ्या काळजीनं डोळ्याला डोळा लागला न्हाई,” आणि त्यात तिची माया असते हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे काळजी न करणारा मुलगा, नवरा, बाप बेफिकीर, असं मनात पक्कं बसलेलं असतं. रात्री दोनपर्यंत जागून तुम्ही आईबद्दलची आणि मुलीबद्दलची जबाबदारी पार पाडत आहात असं तुम्हाला कुठंतरी वाटतं. त्या जागण्यानं आईचं शेत नांगरून होत नाही आणि मुलीची फी भरली जात नाही. हे मी टोचायला लिहीत नाही. तुमची माया खरी आहे, तिला दुसरी वाट द्यायला हवी.

आता “विचार करू नको” या सल्ल्याबद्दल. गावाकडं गेल्यावर कुणीतरी म्हणतच असेल, “किती इच्चार करूलालास रे?” म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण मन त्या पद्धतीनं चालत नाही. १९८७ साली डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर घंटी वाजवायची. घंटी मिनिटाला एकदाहून जास्त वाजत राहिली. नंतर त्याच विद्यार्थ्यांना अस्वलाचा विचार करायला मोकळीक दिली, तेव्हा त्यांच्या मनात ते अस्वल पहिल्यापासून मोकळीक असलेल्यांपेक्षा जास्त वेळा आलं. दाबलेला विचार असा जोर करून परत येतो. तेव्हा आजपासून विचार थांबवायचा प्रयत्न सोडून द्या. विचार येऊ द्यायचा, पण त्याच्याशी हुज्जत कधी घालायची ते तुम्ही ठरवायचं.

याचं नेमकं तंत्र आहे. बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली ते तपासून मांडलं: रोज अर्धा तास, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी फक्त काळजी करायची. मी ते आपल्याकडच्या दिनक्रमात असं बसवून देते. पहिल्या शिफ्टला असाल तर संध्याकाळी साडेसहा धरा. शिफ्ट बदलली की वेळ बदला, पण झोपायच्या आधी निदान दोन तास ठेवा. जागा अंथरुणाची नको, जेवायला बसता तिथली नको. दारातली एखादी खुर्ची, गच्चीचा कोपरा, काहीही चालेल. हातात एक साधी वही. दिवसभरात विचार आला की खिशातल्या कागदावर दोन शब्द टिपायचे, “साहेब, रिपोर्ट” किंवा “आई, गुडघा”, आणि मनाला सांगायचं, साडेसहाला बसतोय. मग हातातलं काम पुढं. विचार दहाव्या मिनिटाला परत येईल. परत तेच सांगायचं, चिडायचं नाही.

साडेसहाला कागद उघडला की पहिली गोष्ट तुमच्या लक्षात येईल ती ही, की सकाळी अकराला जी ओळ काळजात रुतली होती, तिच्यातलं बरंचसं निवून गेलेलं असतं. जी निवली ती खोडून टाका, तिच्यावर बळंच विचार करत बसू नका. उरलेल्या प्रत्येक ओळीला एकच विचारायचं: यात मला काही करता येतं का? येत असेल तर पहिलं पाऊल लिहायचं, वार आणि वेळ घालून. “आईचा गुडघा” एवढं लिहून भागत नाही, “रविवारी गावाला जातोय तेव्हा आईला दवाखान्यात नेणार, शनिवारी रात्री फोन करून तिला सांगणार” एवढं लिहायचं. मॅसिकॅम्पो आणि बॉमायस्टर यांनी २०११ साली प्रयोगांतून दाखवलं की अर्धवट राहिलेलं काम मनात सतत टोचत राहतं, पण ते कधी, कुठं, कसं करायचं हे नेमकं ठरवलं की काम व्हायच्या आधीच ते टोचणं बरंच कमी होतं. वार-वेळ लिहायचा आग्रह मी यासाठीच धरते.

काही करता येत नसेल, म्हणजे “कंपनीच पुढच्या वर्षी बंद पडली तर?” असली ओळ असेल, तर ती वाचायची, अर्धा तास होईपर्यंत तिच्याबरोबर बसायचं आणि वही मिटायची. सुरुवातीला अर्धा तास पुरत नाही असं वाटतं. नंतर नंतर दहा मिनिटांत कंटाळा येतो. तो कंटाळा आला की समजा, काम होऊ लागलं.

साहेबांचं बोलणं चघळण्यावर आणखी एक उपाय आहे आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. तुमच्या डोक्यात रात्री कोणता प्रश्न फिरतो ते बघा. “साहेब माझ्याशीच असं का वागतात? मलाच का नीट बोलता येत नाही?” या ‘का’ला तळ नाही. एक्सेटर विद्यापीठातले एडवर्ड वॉटकिन्स यांनी या विषयावर पुष्कळ काम केलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की त्याच घटनेचा विचार मोघम आणि ‘का’च्या अंगानं केला तर माणूस खचतो, आणि बारकाव्यानं, ‘कसं घडलं, पुढं कसं करायचं’ या अंगानं केला तर वाट सापडते. तुम्ही वडगावात राहता, तिथल्या विणकरांचे माग रोज ऐकता. धागा तुटला की विणकर माग थांबवतो, तुटलेली टोकं शोधतो, गाठ मारतो आणि माग चालू करतो. सगळे धागे पहिल्यापासून तपासत बसत नाही, आणि आपल्याच मागाचा धागा का तुटतो म्हणून कपाळाला हात लावत नाही. तसं करा. साहेबांच्या बाबतीत टोकं शोधायची म्हणजे वहीत असं लिहायचं: मंगळवारी साडेदहाला मी तपासणीचा रिपोर्ट दिला. साहेब म्हणाले, “हे काल पाहिजे होतं.” त्यांनी मान वर केली नाही. शेजारी दुसरे दोघं उभे होते. एवढंच घडलं. पुढं कसं करायचं: उद्या दहाला जाऊन विचारायचं, “साहेब, रिपोर्ट रोज किती वाजेपर्यंत लागेल?” हे एक वाक्य लिहून ठेवलंत की रात्री उजळणी करायला काही शिल्लक राहत नाही.

स्वतःची तपासणी करायला एक सोपी खूण देते. दोन-चार मिनिटं विचार करून झाले की थांबून बघा, या मिनिटांत नवीन काही सुचलं का? एखादं पाऊल, एखादी न कळलेली गोष्ट? सुचलं असेल तर तुम्ही खरोखर विचार करत आहात, खुशाल चालू ठेवा. तेच वाक्य तिसऱ्यांदा आलं असेल तर उठा, जागा बदला, हाताला काम द्या.

रात्रीचं थोडक्यात. अंथरुणावर वही नको, मोबाईल नको. संध्याकाळचा चहा लवकर घ्या. त्यातल्या कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, आणि आपल्याकडं पावसाळ्यात रात्री आठलाही कोऱ्या चहाचा कप हातात असतो. झोपायच्या आधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहा, हा लहानसा उपाय अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या २०१८ सालच्या प्रयोगात तपासला आहे: उद्या काय करायचं ते लिहिणारे, आज काय झालं ते लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं आधी झोपले. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर (घड्याळ बघू नका) उठून दुसऱ्या जागी बसा, मंद उजेडात काहीतरी साधं करा, डोळे जड झाले की परत जा. अंथरुणाशी जागरणाचं नातं तुटायला हवं. सकाळी मात्र रात्र कशीही गेली तरी ठरल्या वेळेला उठायचं.

नुसतं मनाला सांगून भागत नाही, लक्ष बाहेर वळवायचा सरावही लागतो. एड्रियन वेल्स यांनी १९९० मध्ये लक्ष वळवण्याचं एक प्रशिक्षण मांडलं. वेगवेगळ्या आवाजांतून एकेकावर लक्ष ठेवायचं, मग भराभर एकावरून दुसऱ्यावर न्यायचं, मग सगळे एकदम ऐकायचे. साधारण बारा मिनिटांचा सराव. खानापूर भागातल्या माणसाला मी सांगते, तुमच्या गावात भजन आहे ना, तिथं जाऊन बसा. पाच मिनिटं फक्त पखवाज ऐका. मग फक्त टाळ. मग मागच्या रांगेतल्या एकाच माणसाचा आवाज धरून ठेवा, मग सगळं मिळून. टाळ हातात घेतलात तर आणखी उत्तम, कारण ताल चुकला की लगेच कळतं आणि मन परत यावंच लागतं. भक्ती ज्याची त्यानं ठरवावी, लक्षाचा सराव भक्ती असणाऱ्याला आणि नसणाऱ्याला तितकाच लागू पडतो. भजन जवळ नसेल तर घरी पंखा, रस्ता, स्वयंपाकघर यांच्या आवाजांवरही जमतं. चालायला जात असाल, किल्ल्याच्या तळ्यावर किंवा व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत, तर कानात हेडफोन नको. झाडं बघा, पावलांखालची जमीन बघा. चालता चालता साहेब आठवले तर आठवू देत, चालणं मोडू नका.

आपल्या भागातली एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती मी पुन्हा पुन्हा पाहते. घरी कन्नडमध्ये एखादा कागद येतो, जमिनीचा, बँकेचा, कोर्टाचा. घरातल्या मोठ्या माणसांना कन्नड बोलता येतं, पण वाचता येत नाही. कागद देवाच्या फळीवर जातो, आणि घरातलं कुणीतरी चार रात्री झोपत नाही. कागदात काय आहे हे कळत नाही तोवर मन सगळ्यात वाईट तेच भरत राहतं. असला कागद त्याच दिवशी वाचून घ्या, शेजारच्या कॉलेजच्या मुलाकडून, पंचायतीतल्या माहितीच्या माणसाकडून, वकिलाकडून. विचारायला लाजू नका. काही वेळा खरंच अडचण निघते, पण तिचं नाव कळलं की तिच्यावर पाऊल लिहिता येतं. पगार अपुरा आहे, मागाचं काम कमी झालंय, नोकरीला कन्नडची परीक्षा आडवी येते, या खऱ्या अडचणी आहेत. त्यांना “तू फार विचार करतोस” म्हणून उडवून लावणं अन्यायाचं आहे.

घरच्यांशी कसं वागायचं? “मी काही चुकीचं बोललो का गं?” असं तुम्ही बायकोला रोज विचारत असाल, असा माझा अंदाज आहे. ती “नाही हो” म्हणते, अर्धा तास बरं वाटतं, मग परत विचारावंसं वाटतं. दिलासा मागण्याची ही सवय विचारांना खतपाणी घालते. बायकोला हे उत्तर वाचायला द्या. ताई, तुम्ही एकदा मनापासून उत्तर द्या, आणि दुसऱ्यांदा विचारलं की प्रेमानं म्हणा, “साडेसहाच्या वहीत लिहा, आपण तेव्हा बोलू.” गल्लीतल्या कट्ट्यावरही तेच. मित्रांशी मन मोकळं करणं चांगलं, पण रोज तोच विषय, त्याच तक्रारी, आणि उठताना सगळेच जास्त कडवट, असं होत असेल तर त्या बोलण्यानं नुकसान होतंय.

आता चाकण. यावर महिनोन्महिने विचार चालण्याचं कारण मला असं दिसतं, की तुम्ही ज्यात काहीच गमवावं लागणार नाही असा निर्णय शोधत आहात. तसा निर्णय नाही. गेलात तर आई लांब राहील, राहिलात तर पगार तेवढाच राहील. यातलं काय सोसायचं एवढंच ठरवायचं आहे, आणि त्याला माहिती लागते ती मोजकी. मित्राला विचारा: हातात येणारा पगार किती, कायम की कंत्राटी, खोलीचं भाडं काय, मुलीच्या शाळेचं काय. आईला विचारा, तुमच्या मनातल्या आईला नको, खऱ्या आईला: “मी गेलो तर तुला काय अडेल?” बायकोला विचारा तिला काय हवंय. या सगळ्याला दोन आठवडे पुरतात. कॅलेंडरवर तारीख घाला आणि त्या दिवशी ठरवा. पूर्ण खात्री वाटेपर्यंत थांबू नका, साधारण पटलं की पुरे. ठरवल्यावर सहा महिने तो प्रश्न उघडायचा नाही. उघडलाच तर वहीत टिपायचा. न जायचं ठरलं तर तोही निर्णयच आहे, तो मित्राला फोन करून सांगून टाका, म्हणजे ते दार उगाच किलकिलं राहणार नाही.

आणि आजाराचा प्रश्न. एका पत्रावरून निदान करता येत नाही, म्हणून तपासायच्या गोष्टी सांगते. सहा महिन्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस काळजी आवरतच नसेल आणि जोडीला बेचैनी, थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, मान-पाठ आखडणं, झोप मोडणं यातलं बरंच काही असेल, तर तो चिंताविकार असू शकतो. दोन आठवड्यांहून जास्त मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर नैराश्य तपासावं लागतं. आणि नको असलेला, किळसवाणा किंवा भयंकर विचार जबरदस्तीनं येत असेल, त्यापायी पुन्हा पुन्हा हात धुणं, कुलूप ओढून बघणं चालू असेल, तर त्याचा उपचार वेगळा आहे. त्यात साडेसहाच्या वहीवर विसंबू नका. थायरॉइडच्या तक्रारीतही अशी धडधड आणि बेचैनी होते, म्हणून एकदा रक्त तपासून घ्या. झोप यावी म्हणून रात्री दारू घेत असाल तर डॉक्टरांना लपवू नका, ती झोप मोडते.

तुमच्या पत्रात “कित्येक महिने” आणि “एक-दोन वाजतात” हे शब्द आहेत, म्हणून एकदा तरी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं असं मला वाटतं. बेळगावात जिल्हा रुग्णालयात ही सोय आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. धारवाडचं नाव काढलं की आपल्याकडं माणसं चपापतात, गल्लीत काय म्हणतील म्हणून वर्ष वर्ष काढतात. तिथं झोपेसाठी, काळजीसाठी येणारी कामाधंद्याची साधी माणसं असतात, संध्याकाळच्या गाडीनं घरी परत जातात. घरबसल्या बोलायचं असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली. १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, आणि मराठीतही बोलता येतं. जगणं नको वाटतंय असा विचार कधीही आला, तर वही, वेळ, शिफ्ट काही बघू नका, त्याच घटकेला घरातल्या माणसाला उठवा आणि हा नंबर लावा.

तसं काही नसेल तर या सोमवारपासून सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात वेळ चुकेल, कागद खिशात राहून शर्ट धुवायला जाईल. नवीन सवय अंगवळणी पडायला माणसापरत्वे फार फरक पडतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या २०१० सालच्या अभ्यासात हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत निघाला होता, आणि मधला आकडा ६६ होता. एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता. सहा आठवडे नेमानं करून पाहा, आणि तरी रात्री एक वाजत असेल तर वही घेऊनच डॉक्टरांकडं जा. तुमच्या मनात रोज काय चाललंय हे त्यांना त्या पानांवरून लवकर कळेल.